‘दिलासा’ छापण्याआधी हवेतला ओलावा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर मथळा होता, ‘पारा घसरला, नागपूरकरांना दिलासा’. शेजारी एक लहान मुलगी गच्चीवर पावसात हात पसरून उभी असल्याचा फोटो. ४४ अंशांवरून पारा ४० वर आला, म्हणून दिलासा. त्याच दिवशी सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत माझ्या दुकानाचा फोन वाजत होता. सक्करदऱ्याला माझं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, या होळीला एकतीस वर्षं झाली. त्या एका दिवसात तेवीस फोन आले आणि सगळ्यांची तक्रार एकच. ‘भाऊ, कूलर हवा तर फेकून राहिला, पण थंडा नाही करून राहिला.’

मे महिन्यात, ऐन नवतपात, हेच कूलर खोली गार करत होते. पारा चार अंश उतरला आणि तेच कूलर कुचकामी झाले. एका दिवसात अख्ख्या शहराचे कूलर बिघडत नसतात. हवा बदललेली असते, आणि ती कशी बदलली हे आपला मथळा सांगत नाही. हे पत्र मी त्यासाठीच लिहितो आहे.

कूलरमध्ये थंड करणारं यंत्र असं काही नसतं. एक पंखा, एक छोटा पंप, खाली पाण्याची टाकी आणि तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ताट्या. हल्ली काही जण हनीकोंब पॅड लावतात. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांतून झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो. ओढताना पाणी उडून जातं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मातीच्या माठात पाणी गार होतं ते याच कारणानं, आणि घाम आल्यावर पंख्याखाली बसलं की अंगाला गार वाटतं तेही याच कारणानं. पण पाणी उडायला हवा कोरडी लागते. हवेच्या पोटात आधीच पाणी असेल तर ती आणखी कुठून घेणार? मग कूलर नुसता ओला वारा देतो, माठातलं पाणी कोमट राहतं आणि अंगावरचा घाम वाळत नाही. तिघांचं दुखणं एकच असतं.

मी दुकानाच्या भिंतीवर दोन तापमाप्या टांगल्या आहेत. एक साधी. दुसरीच्या खालच्या गोळीला मलमलची चिंधी गुंडाळून चिंधीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं आहे. कोरडी आणि ओली. सोनेगावला विमानतळावर हवामान खात्याची जी झडपांची पांढरी पेटी असते, तिच्यात कमाल आणि किमान तापमानाच्या तापमाप्यांसोबत याच दोन असतात. माझ्याकडची सोय गरिबाची, पण कामाची. ओली तापमापी जिथवर खाली येते, त्याखाली कोणताही कूलर हवा नेऊ शकत नाही. ताट्या नव्या असल्या, पाणी सगळीकडे सारखं झिरपत असलं तरी तिच्या तीन-चार अंश वरच गाडी थांबते. मे महिन्यात दुपारी कोरडी ४४ दाखवते, आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा ओली २३ वर असते. म्हणजे कूलर सत्तावीस अंशांची हवा देऊ शकतो. माणूस झोपतो त्यात. जूनमध्ये कोरडी ४० वर उतरते, पण आर्द्रता ४० टक्के झाली की ओली चढून २९ च्या जवळ जाते. आता कूलर देतो बत्तीस-तेहतीसची हवा, तीही चिकट. आपण लिहिता पारा चार अंश उतरला. माझ्या गिऱ्हाइकाच्या खोलीत तो पाच-सहा अंश चढलेला असतो.

एक गोष्ट कबूल करून टाकतो. धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत मीही जूनमध्ये असे फोन आले की जाऊन ताट्या बदलून देत असे. नव्या ताट्यांचा वाळ्याचा वास येतो, दोन तास माणसाला बरं वाटतं, आणि मला पैसे मिळतात. काय चाललंय ते मलाही धड माहीत नव्हतं. माहीत झाल्यापासून मिरग लागल्यावर मी ताट्या विकत नाही. पंप बंद करा, दारं-खिडक्या उघडा, नुसता पंखा चालू द्या, एवढंच सांगतो. काही लोक चिडतात, दुसऱ्या दुकानात जाऊन बदलून आणतात. त्यांना मी दोष देत नाही. सकाळी त्यांनी वर्तमानपत्रात दिलासा वाचलेला असतो. बाहेर दिलासा आहे आणि घरात जीव घुसमटतोय, तर बिघाड कूलरचाच असणार, असं कुणालाही वाटेल.

आता माझ्या घरातलं सांगतो.

२०१९ चा जून. मे अखेरीस पारा ४७ च्या घरात जाऊन आला होता. मॉन्सून केरळातच आठवडाभर उशिरा, ८ जूनला पोचला, आपल्याकडे यायला अजून बराच अवकाश होता. एका संध्याकाळी धुळीचं वादळ झालं, दहा मिनिटं टपोरे थेंब पडले, मातीचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात (आपल्या नव्हे) तोच मथळा, तोच शब्द. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मागच्या खोलीत झोपायची. तिचा कूलर आदल्या आठवड्यात मीच खिडकीतून काढून खोलीच्या आत, पलंगाच्या पायथ्याशी ठेवला होता, कारण खिडकीबाहेरचा लोखंडी स्टँड गंजून सुटला होता. स्टँडचं वेल्डिंग मी आज करू, उद्या करू म्हणून ठेवलं. रात्री परत पाऊस येईल म्हणून तिनं खिडकी लावून घेतली. दारही लोटलं. आता बघा काय झालं. कूलर बाहेरची हवा घेत नव्हता. खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा ताट्यांतून फिरवत होता आणि प्रत्येक फेरीत तिच्यात पाणी मिसळत होता. पहाटे चारला मी पाणी प्यायला उठलो तर आतून बडबड ऐकू आली. आई वडिलांना हाक मारत होती. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. दार उघडलं तर भिंतीला पाणी सुटलेलं, चादर ओली आणि अंग इतकं तापलेलं की हात लावून मी मागे घेतला. ताप १०५ वर होता.

१०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत पलंग अंगणात काढला, अंगावर पाणी शिंपडत मी आणि बायको दोन बाजूंनी पुठ्ठ्यानं वारा घालत राहिलो, फ्रिजमधला बर्फ फडक्यात बांधून काखेत आणि मानेशी धरला. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, एवढं कुठेतरी वाचलेलं आठवलं म्हणून ते केलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘खोली बंद होती का?’ मी म्हटलं, कूलर चालू होता. ते म्हणाले, ‘मी खोलीचं विचारतोय.’

अकरा दिवसांनी आई घरी आली. पुढे अडीच वर्षं जगली. पण कूलरचा आवाज सुरू झाला की ती पलंगावरून उठायची, भिंतीला धरत धरत जायची आणि बटण बंद करायची. काही बोलायची नाही. आयुष्यभर लोकांच्या घरी कूलर बसवणाऱ्या माणसाच्या आईच्या खोलीत त्यानंतर कूलर लागला नाही.

चूक माझी होती, ती मी कुणावर ढकलत नाही. पण त्या सकाळी मथळ्यात आर्द्रतेचा एक आकडा असता, तर माझ्या डोक्यात नक्की घंटा वाजली असती. तो आकडा माझ्या धंद्याचा होता.

२०२२ मध्ये मी आणि बायको लेकीकडे चार महिने राहून आलो. जावयाच्या नोकरीमुळे ती अमेरिकेच्या दक्षिणेला, अलाबामा राज्यातल्या मोबील काउंटीत राहते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. मेक्सिकोच्या आखाताला लागलेला हा मुलूख, वर्षाला साधारण ६५ इंच पाऊस, म्हणजे साडेसोळाशे मिलीमीटर. आपल्या नागपूरला हजार-अकराशे होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तिथे बाराही महिने पडतो. जुलैत रोज दुपारी समुद्राकडून ढग चढतात, तासभर धो धो कोसळतात, ऊन पडतं आणि डांबरी रस्त्यावरून वाफा निघतात. पावसानं गारवा येतो हे आपल्या रक्तात बसलेलं गणित तिथे चालत नाही. पाऊस पडून गेला की जास्त उकडतं.

पहिल्याच आठवड्यात मला कळेना की पारा ३३ वर असताना माझा जीव का कासावीस होतोय. मी नागपूरचा माणूस. ४५ अंशांत टिनाच्या छपरावर चढून कूलर बसवलेला. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरी आलं की आंब्याचं पन्हं, आमचा मे असाच जातो. आणि इथे ३३ ला मी सावलीत बसून धापा टाकतोय. मग एका संध्याकाळी मी माझा दुपट्टा ओला करून मागच्या ओट्यावर वाळत घातला. नागपूरला मे महिन्यात दुपट्टा वाळायला दहा मिनिटं पुष्कळ. इथे सकाळी बघितलं तर तसाच ओला, हातात घेतला तर कुबट वास. त्याच दिवशी मी लेकीला म्हटलं, ‘तू मागे विचारलं होतंस ना, बाबा, इथे कूलर का मिळत नाहीत? हे बघ उत्तर.’ अमेरिकेतही कूलर आहेत, पण ते ॲरिझोनासारख्या कोरड्या वाळवंटी भागात. मोबीलमध्ये कूलर लावणं म्हणजे विहिरीत बादलीभर पाणी ओतणं.

तिथल्या टीव्हीवर हवामान सांगणारा माणूस तापमान एकदा सांगतो आणि दवबिंदू तीनदा. हवा जितकी निवली की तिच्यातलं पाणी दव होऊन उतरायला लागतं, तो अंश म्हणजे दवबिंदू. तो जितका वर, तितकं हवेत पाणी जास्त. दवबिंदू ७५ फॅरनहाइट, म्हणजे २४ अंश, असं म्हटलं की शेजारीपाजारी समजून जातात, आज अंगणातलं गवत कापायला सकाळी सातलाच बाहेर पडायचं. शिवाय ‘जाणवणारं तापमान’ म्हणून एक आकडा देतात. त्यांच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा तक्ता आहे, एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला आर्द्रता. जावयानं तो छापून दिला, मी एक रात्र बसून अंशांत उतरवून घेतला आणि आपले आकडे त्यात घालून पाहिले. संपादक महाशय, हे वाक्य कृपया नीट वाचा. मोबीलचे ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता, याचं उत्तर येतं सुमारे ४३. नागपूरच्या मे महिन्यातले ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता, याचंही उत्तर येतं सुमारे ४३. माझा जीव का कासावीस होत होता, ते मला तिथे कळलं. मग मी तिसरी जोडी पाहिली, आपल्या ‘दिलासा’च्या दिवसाची. ४० अंश आणि ४० टक्के. उत्तर आलं ४८. तेही सावलीतलं. थेट उन्हात त्यात आठ अंशांपर्यंत भर पडू शकते, असं त्याच तक्त्याखाली लिहिलं आहे. म्हणजे आपण मे महिन्यातल्या ज्या दिवशी ‘आग ओकतोय सूर्य’ छापता, त्यापेक्षा ‘दिलासा’ छापता तो दिवस शरीराला जड असतो.

लेकीच्या शेजारी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांच्या परसात लाकडी खांबाला चार इंच तोंडाची प्लॅस्टिकची नळी लावलेली होती. रोज सकाळी सातला बाई झगा सावरत यायच्या, नळीतलं पाणी डोळ्याच्या रेषेत धरून वाचायच्या, वहीत लिहायच्या आणि आकडा कळवून टाकायच्या. पाऊस नसला तरी शून्य कळवायच्या. शून्य हाही आकडा आहे, असं त्यांनी मला हातवारे करून सांगितलं. ‘कोकोराझ’ नावाचं हे जाळं कोलोरॅडोतल्या विद्यापीठानं १९९८ मध्ये सुरू केलं. त्याच्या आदल्या वर्षीच्या जुलैत फोर्ट कॉलिन्स गावात पूर आला होता. गावाच्या एका भागात फूटभराहून जास्त पाऊस झाला आणि थोड्याच अंतरावर मामुली. एका ठिकाणच्या मापावरून हे कुणालाच कळलं नाही. म्हणून लोकांच्याच अंगणात मापं लावली.

त्या बाईंनीच मला सॅली वादळाचं सांगितलं. १६ सप्टेंबर २०२०. शेजारच्या बाल्डविन काउंटीत, गल्फ शोर्स इथे ते किनाऱ्याला लागलं. त्याच्या सोळा वर्षं आधी, अगदी याच तारखेला, याच जागी आयव्हन वादळ आलं होतं. चक्रीवादळांची त्यांची प्रतवारी एक ते पाच असते आणि ती फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते. सॅली दोन नंबरचं होतं. पुष्कळांनी दोन ऐकलं आणि म्हटलं, दोनच आहे ना. पण हे वादळ माणूस पायी चालतो त्या चालीनं सरकलं, जागच्या जागी पाणी ओतत राहिलं, काही ठिकाणी वीस इंचांहून जास्त. नुकसान पाण्यानं केलं आणि पाणी त्या दोनच्या आकड्यात नव्हतंच. बाई हे सांगत होत्या आणि मला मागची खोली दिसत होती.

थोडं विषयांतर होतंय, पण राहवत नाही. त्या काउंटीत सात्सुमा नावाचं गाव आहे, संत्र्याच्या नावावरून पडलेलं. सात्सुमा हे आपल्या नागपुरी संत्र्यासारखंच सैल सालीचं फळ. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे त्याच्या मोठमोठ्या बागा होत्या, कडाक्याच्या थंडीच्या लाटांनी त्या मारल्या. अजूनही लोक परसात झाडं लावतात. माझ्या साळ्याची काटोलला बाग आहे. मृग बहार धरायचा तर झाडाला ताण देऊन मिरगाच्या पावसाची वाट बघायची, आंबिया धरला तर फेब्रुवारी-मार्चची गारपीट डोक्यावर. तिथल्या माणसाची भीती वेगळी, सप्टेंबरात वादळ आणि जानेवारीत गोठण. जानेवारी २०२५ मध्ये मोबीलला साडेसात इंच बर्फ पडला तेव्हा लेकीनं फोटो पाठवला. परसातलं सात्सुमाचं झाड गोधडीत गुंडाळलेलं, आणि खाली दिव्याची माळ, ऊब मिळावी म्हणून. साळ्याला दाखवला तर तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, ‘वाचलं का झाड?’ वाचलं.

आपल्याकडे येतो. २२ सप्टेंबर २०२३ ची रात्र उलटून २३ उजाडताना अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, शंकरनगर, सीताबर्डी. मोरभवनला बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं गेली. त्या दिवशी आम्हा वाचकांना पावसाचा एक आकडा वाचायला मिळाला, काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर. तो आकडा मी खोटा म्हणत नाही. पण माझ्या वस्तीत मी त्या रात्री कडकडाटानं जागा झालो, कूस बदलून पुन्हा झोपलो. पुढचा महिनाभर मात्र मी पश्चिम नागपुरातल्या घरांतून आलेल्या कूलरच्या मोटारी खोलत होतो. बेअरिंगमध्ये बारीक काळा गाळ, ताट्यांत गुंतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, एका टाकीत बालवाडीच्या मुलाचा एक बूट. ती टाकी ज्यांची होती त्यांच्याकडे लहान मूल नव्हतं. तो बूट कुठून वाहत आला, कुणाचा, हे मला आजवर कळलेलं नाही. तलावाच्या वरच्या अंगाला त्या रात्री किती पडला, शहराच्या या टोकाला किती, त्या टोकाला किती, हे दुसऱ्या दिवशी नकाशावर टिंबं टाकून आपण छापू शकला असता, तर लोकांना कळलं असतं की नाल्याकाठी राहणाऱ्यानं स्वतःच्या छतावरचा पाऊस ऐकून निश्चिंत झोपायचं नसतं.

आणि ३० मे २०२४ आठवा. रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले. देशभर बातमी झाली. लंडनहून कुणी विचारतंय, मोबीलहून लेक रडत फोन करतेय, बाबा घराबाहेर पडू नका. मी भिंतीवरच्या तापमापीकडे बघितलं आणि तिला म्हटलं, अगं पोरी, ५६ असते तर मी बोलत नसतो. मग हवामान खात्यानं खुलासा केला की यंत्राच्या संवेदकात बिघाड होता. तो खुलासा आतल्या पानावर आला. मला आकड्याच्या चुकीचा राग नाही, यंत्र आहे, बिघडतं, माझं पोट यंत्रं बिघडण्यावरच चालतं. पण कमाल तापमानाचा हा जो मोह आहे, की एकच आकडा, जितका मोठा तितका मथळा मोठा, त्यानं बाकीचे सगळे आकडे झाकले जातात.

बाकीचे आकडे तयार आहेत, कुठून शोधून आणायचे नाहीत. हवामान खातं सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता रोज नोंदवतं. किमान तापमान रोज देतं. ‘उष्ण रात्र’ अशी त्यांची वेगळी व्याख्याच आहे. दिवसा ४० किंवा त्याहून जास्त आणि रात्रीचा पारा सरासरीपेक्षा साडेचार अंश वर, तर ती उष्ण रात्र. २०२३ पासून प्रायोगिक स्वरूपात जाणवणाऱ्या उष्णतेचा निर्देशांकही ते देतात. रात्रीचा आकडा आपण आत, बारीक अक्षरात छापता. पण टिनाखाली झोपणाऱ्या माणसाचं सगळं त्या आकड्यावर असतं. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवलं नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवशीच्या उन्हावर चढतं. हातठेलेवाले, रिक्षावाले, बांधकामावरचे लोक माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या चेहऱ्याकडे बघा एकदा. मे महिन्यात ते भाजलेले असतात, जूनमध्ये उकडलेले.

माझी मागणी अशी आहे. आपल्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात रोज तापमानाचा जो चौकोन असतो, त्यात कमाल आकड्याच्या बरोबरीच्याच टायपात किमान तापमान आणि दोन्ही वेळची आर्द्रता छापा. एप्रिल ते सप्टेंबर जाणवणारं तापमानही द्या. संध्याकाळची आर्द्रता चाळीसच्या पुढे गेली की खाली एक ओळ, ‘कूलरचा पंप बंद ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा’. ही ओळ कुणा विद्वानाला विचारून छापायची असेल तर जरूर विचारा. कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावू नये आणि पाणी भरताना आधी प्लग काढावा, हे आठवड्यातून एकदा तरी यायला हवं. शॉक लागून दरवर्षी माणसं जातात, आणि त्या बातम्याही आपणच छापता. आणि ‘दिलासा’ हा शब्द मॉन्सून विदर्भात खरोखर येईपर्यंत, जूनच्या मध्यापर्यंत, राखून ठेवा.

पावसाचं सांगायचं तर शहरभर आपले वार्ताहर आहेत, एजंट आहेत, पहाटे उठून पेपर टाकणारी पोरं आहेत. दहा झोनमध्ये दहा पर्जन्यमापक बसवणं आपल्याला जड नाही. गच्चीवर, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, रोज एकाच वेळी वाचायचं. आमच्या वस्तीतलं माप मी वाचीन. एकही दिवस चुकवणार नाही, शून्य असलं तरी कळवीन. लेकीच्या शेजारणीनं येताना मला तिची जुनी नळी दिली होती, इंचांची आहे, मी तिच्यावर मिलीमीटरच्या खुणा केल्या आहेत.

नागपूरला उष्माघाताचा कृती आराखडा आहे, अहमदाबादनं २०१३ मध्ये केला त्यानंतर आपल्या शहरानं लवकरच तो हाती घेतला, याचा मला अभिमान आहे. महापालिका फलक लावते, बागा दुपारी उघड्या ठेवते, पाणपोया असतात. पण सकाळी सहाला चहाबरोबर हातात येतो तो आपला अंक. आमच्या गल्लीत चार घरांत मिळून एक पेपर येतो आणि तो चारही घरांत वाचला जातो. आई चष्मा लावून आधी निधनवार्ता वाचायची, मग हवामान.

आज सकाळी साडेआठचं वाचन कळवतो. कोरडी ३३, ओली २८. वारा पडलेला. काल रात्री मी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना पंप काढून ठेवायचा निरोप दिला आहे. आपल्या आजच्या अंकात ‘नागपूर कूल कूल’ असं आहे.

आपला नेहमीचा वाचक,
एक कूलर कारागीर
सक्करदरा, नागपूर